अन्नपाननिरोध : इराकचे निर्बंध आणि काही श्रद्धावंतांचा नकार

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील पाचवा म्हणजे आपल्या अधीन असलेल्या जीवाचे अन्न-पाणी रोखणे. गोठ्यातील जनावर असो वा पदरचा नोकर, त्याला उपाशी ठेवणे हा व्रताला लागलेला दोष होय. परंतु एखाद्या संपूर्ण राष्ट्राचेच अन्न-पाणी रोखले गेले, आणि ते रोखण्याचे साधन व्यापार हेच असले, तर तो दोष कोणाचा?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. चारच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ अन्वये इराकशी होणारा जवळजवळ सर्व व्यापार बंद केला. औषधांना सूट होती. पण तेलाची विक्रीच थांबल्याने ती घेण्यास पैसा उरला नाही. १९९१ च्या युद्धात वीजकेंद्रे उद्ध्वस्त झाली आणि त्यांच्यासह जलशुद्धीकरणही कोलमडले. क्लोरीन, पंपांचे सुटे भाग यांचा लष्करी उपयोग होऊ शकतो, या कारणाने त्यांची मागणी वारंवार अडून राही. दूषित पाण्यामुळे मुले अतिसाराने दगावू लागली. मृतांच्या आकड्यांविषयी पुढे वाद झाला. लोकांच्या हालांविषयी मात्र दुमत नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये, तर त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये निर्बंधांच्या निषेधार्थ पद सोडले.

अमेरिकेतील शिकागो शहरात १९९६ मध्ये ‘व्हॉइसेस इन द विल्डरनेस’ हा लहानसा गट स्थापन झाला. त्याच्या अग्रणी कॅथी केली या कॅथलिक श्रद्धेच्या शिक्षिका. आपला पैसा युद्धसामग्रीवर खर्च होऊ नये, म्हणून त्यांनी १९८० पासूनच केंद्र सरकारला आयकर देण्याचे नाकारले होते. या गटाने आपला बेत लपविला नाही. परवान्याविना औषधे नेऊन आम्ही निर्बंध मोडणार आहोत, असे त्याने सरकारला पत्राने आधीच कळविले. त्यानंतर अनेक पथके औषधे घेऊन इराकच्या रुग्णालयांत गेली. नेलेली औषधे गरजेच्या मानाने अगदी थोडी होती. आपल्या नावाने चाललेल्या उपासमारीला आपली संमती नाही, हे कृतीने सांगणे हाच मुख्य हेतू होता.

२००२ मध्ये सरकारने या गटास २०,००० डॉलर दंड केला. तो भरण्यास गटाने नकार दिला. २००५ मध्ये न्यायालयाने दंड कायम केला, तरीही नकार बदलला नाही. २००३ मध्ये बगदादवर बॉम्बवर्षाव होत असताना केली आणि त्यांचे काही सहकारी तेथील सामान्य नागरिकांसोबत राहिले.

या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. उपासमारीस सद्दाम हुसेन यांची राजवटच जबाबदार आहे आणि अशा भेटींमुळे तिच्या प्रचाराला बळ मिळते, असे टीकाकार म्हणत. त्या राजवटीचे क्रौर्य खरेच होते. पण तिच्या अपराधाची शिक्षा पाळण्यातील बालकाने का भोगावी, या प्रश्नाचे उत्तर त्या आक्षेपात नाही. निर्बंध अखेर मे २००३ मध्ये उठले, तेही युद्धाने राजवट उलथल्यानंतर. या गटाच्या प्रयत्नांमुळे नव्हे.

तरीही व्यापारी कुटुंबांनी या घटनेचा विचार करावा असे तीत बरेच आहे. निर्बंधांची अंमलबजावणी रणगाड्याने होत नाही. ती जहाज, विमा, बँक आणि हुंडी यांच्या मार्गाने होते. स्वतः एखादी वस्तू वर्ज्य करणे हा त्याग आहे, पर्युषणातील उपवास हे तप आहे; दुसऱ्यावर लादलेली भूक मात्र त्याग नव्हे आणि तपही नव्हे. जैन परंपरेने हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारे मोजली आहे. वेगळ्या श्रद्धेच्या त्या लोकांनी नाकारली ती ही अनुमोदनाच. प्रतिक्रमणात अहिंसाव्रताचे अतिचार आठवताना ‘अन्नपाननिरोध’ हा शब्द येतो, तेव्हा त्याचा अर्थ आपल्या गोठ्यापुरता आणि घरापुरता ठेवावयाचा की त्यापलीकडे न्यावयाचा, हे प्रत्येक श्रावकाने स्वतःशीच ठरवावयाचे आहे.