कॉर्पोरेट मुख्यालयाची वास्तुरचना : ‘ॲपल पार्क’विषयक वादाचे स्वरूप

मोठ्या उद्योगसंस्थेच्या मुख्यालयाचा आराखडा हा तेथील शहराच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. कॅलिफोर्नियातील कूपर्टिनो येथील ‘ॲपल पार्क’ हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय.

स्टीव्ह जॉब्ज यांनी जून २०११ मध्ये हा प्रस्ताव नगर परिषदेपुढे मांडला. ‘फॉस्टर अँड पार्टनर्स’ यांनी आरेखित केलेली ही चार मजली वलयाकृती इमारत सुमारे १७५ एकर परिसरात उभी असून २०१७ मध्ये ती वापरात आली. छतावरील १७ मेगावॅट क्षमतेची सौरयंत्रणा, नैसर्गिक वायुवीजन आणि सुमारे ९ हजार वृक्ष यांमुळे ही रचना पर्यावरणपूरक ठरते, असे समर्थक मानतात. याउलट, ही अंतर्मुख रचना शहराकडे पाठ फिरवते व कर्मचाऱ्यांना मोटारीवर अवलंबून ठेवते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. सुमारे १२ हजार कर्मचाऱ्यांसाठी येथे जवळपास ११ हजार मोटारींचे वाहनतळ आहे.

तथापि, या दोषाचे उत्तरदायित्व केवळ वास्तुरचनाकारांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. नव्या कार्यालयासोबत ठरावीक वाहनतळ बंधनकारक करणारे नगररचनेचे नियमही त्यास कारणीभूत आहेत. इमारतीत ऊर्जेची बचत झाली, तरी तेथवरच्या प्रवासात इंधन जळतच राहते.

सारांश, मुख्यालयाचे मूल्यमापन त्याच्या भिंतींपाशी थांबता कामा नये. कर्मचाऱ्यांचा निवास, सार्वजनिक वाहतूक आणि परिसराशी असलेले नाते यांचा विचार आराखड्यास मंजुरी देण्यापूर्वीच होणे आवश्यक आहे. कारण इमारत उभी राहिल्यावर चर्चेला केवळ समीक्षेचेच मूल्य उरते.