गोल्फचा माळ आणि बायकांचा वाटा

आज आपण एका खेळाबद्दल बोलणार आहोत, जो आपल्यापैकी फार कमी जणींनी पाहिला असेल, खेळला तर नसेलच. हा खेळ म्हणजे गोल्फ. 'तो श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय त्याचं,' असं कुणी म्हणेल. पण या खेळाच्या एका मोठ्या स्पर्धेत जमीन कुणाची, दार कुणाला उघडं आणि कष्टाचा मोबदला किती, हे तिन्ही प्रश्न येतात. आणि हे प्रश्न तर आपल्या गटाच्या बैठकीत नेहमीचेच आहेत.

आधी खेळ समजून घेऊ. विटीदांडूत आपण विटीला टोला हाणतो आणि ती जितकी लांब जाईल तितकं चांगलं. गोल्फमध्ये लांब काठीनं लहानसा पांढरा चेंडू टोलवायचा आणि दूरवरच्या एका छोट्या खड्ड्यात पाडायचा. खड्ड्याचं तोंड जेमतेम सव्वाचार इंचांचं. असे १८ खड्डे मोठ्या माळावर पसरलेले असतात. प्रत्येक खड्ड्यासाठी किती टोले लागावेत याचा आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. १८ खड्डे मिळून तो आकडा बहुतेक ठिकाणी ७२ च्या आसपास असतो. इथली मेख अशी की ज्याचे टोले सगळ्यात कमी, तो जिंकतो. म्हणजे नुसता जोर उपयोगाचा नाही. वारा कुठून येतो, जमिनीचा उतार कुठे आहे, कोणती काठी घ्यायची, हे सगळं जोखून पाऊल टाकावं लागतं. मोठी स्पर्धा चार दिवस चालते. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्या खेळाडू बाहेर होतात आणि उरलेल्या शेवटपर्यंत झुंजतात.

आता ज्या स्पर्धेबद्दल बोलायचं ती पाहू. बायकांच्या गोल्फमध्ये जगातल्या पाच स्पर्धा सर्वांत मोठ्या मानतात. त्यातली एक म्हणजे ब्रिटनमधली 'वुमेन्स ओपन'. ती १९७६ साली सुरू झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावात झाली. तिथल्या जुन्या मैदानाला 'ओल्ड कोर्स' म्हणतात आणि गोल्फचं माहेरघर मानतात.

हे मैदान कुणा धनिकाचं नाही. समुद्रालगतची ती वाळवट, गवताळ जमीन. आपल्याकडे जसं गायरान असतं, तशी ती गावाची सार्वजनिक जागा. १५५२ साली तिथल्या धर्मगुरूनं लेखी सनद देऊन या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. आजही एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि लोक पोराबाळांसह, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवर फिरतात. लेखी हक्काची किंमत काय असते, ते इथे दिसतं. जवळपास पावणेपाचशे वर्षांनंतरही तो माळ लोकांचाच आहे.

माळ सगळ्यांचा होता, पण क्लबाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. मैदानाच्या काठावर एक दगडी इमारत आहे. १७५४ साली स्थापन झालेल्या नामांकित गोल्फ क्लबाची ती इमारत. जगातल्या बहुतेक देशांत गोल्फ कोणत्या नियमांनी खेळायचा, हे अनेक वर्षं या क्लबानं ठरवलं. पण सभासद फक्त पुरुष! बायका बाहेरच्या माळावर खेळू शकत होत्या, मात्र जिथे नियम ठरत त्या खोलीत त्यांना जागा नव्हती.

दीडशे वर्षांपूर्वी तर बाईनं खांद्याच्या वर काठी उचलून टोला मारणं अशोभनीय समजत. तेव्हा तिथल्या बायकांनी १८६७ साली स्वतःचा क्लब काढला. त्यांच्या वाट्याला आला उंचसखल जमिनीचा एक छोटा तुकडा, तिथे चेंडू अलगद ढकलत खड्ड्यात पाडायचा. त्या चढउतारांमुळे त्या तुकड्याचं नाव पडलं 'हिमालय'. तो आजही आहे आणि बायकांचा तो क्लबही चालू आहे.

पुढे २००७ साली पहिल्यांदा बायकांची ही मोठी स्पर्धा ओल्ड कोर्सवर भरली. मेक्सिकोची लोरेना ओचोआ जिंकली. त्या वेळी क्लबाची इमारत महिला खेळाडूंसाठी उघडली, पण सभासदत्व नव्हतंच. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये सभासदांनी मतदान केलं. ८५ टक्के मतं बायकांना घेण्याच्या बाजूनं पडली. क्लब सुरू झाल्यापासून तब्बल २६० वर्षांनी!

त्यानंतर दहा वर्षांनी, २०२४ साली, त्याच इमारतीसमोर काय घडलं ते ऐका. वारा इतका जोराचा की टोलवलेला चेंडू भलतीकडेच जायचा. पहिले दोन दिवस झाल्यावर अमेरिकेची नेली कोर्डा आघाडीवर होती. तेव्हा ती जगात पहिल्या क्रमांकाची खेळाडू होती. तिसऱ्या दिवशी दक्षिण कोरियाची जियाई शिन पुढे गेली. न्यूझीलंडची लिडिया को तिच्या तीन टोले मागे होती.

लिडियाचे चार दिवसांचे आकडे पाहा: ७१, ७१, ७० आणि ६९. कुठे उडी नाही, कुठे घसरण नाही. पुढच्या खेळाडू एकेक करून चुकत गेल्या आणि ही आपल्या चालीनं चालत राहिली. शेवटच्या खड्ड्यावर तिनं एक टोला वाचवला. मागून येणाऱ्या अमेरिकेच्या लिलिया वूला बरोबरी साधायची संधी होती, पण शेवटच्या खड्ड्यावर तिचाच एक टोला जास्त झाला. लिडियाचे एकूण टोले २८१, म्हणजे पारपेक्षा सात कमी. दोन टोल्यांच्या फरकानं ती जिंकली. दुसऱ्या जागेवर चौघी बरोबरीत राहिल्या: कोर्डा, वू, शिन आणि चीनची रुओनिंग यिन.

लिडियाचा जन्म दक्षिण कोरियातला, वाढली न्यूझीलंडमध्ये. १५ व्या वर्षी तिनं कॅनडात व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा जिंकली होती, पण ती तेव्हा हौशी खेळाडू असल्यानं नियमाप्रमाणे बक्षिसाची रक्कम मिळाली नाही. सेंट अँड्र्यूजच्या दोनच आठवडे आधी तिनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेतलं होतं. त्याआधी रिओत रौप्य आणि टोकियोत कांस्य.

टोकियोत आपला संबंध येतो. तिथे चौथी आली ती बंगळुरूची अदिती अशोक. कांस्यपदक घेणाऱ्या लिडियापेक्षा तिचा फक्त एक टोला जास्त झाला. तेव्हा अदितीचा जागतिक क्रमांक २०० होता. आणि तिच्या काठ्यांची जड पिशवी उचलून चारही दिवस सोबत चालणारी होती तिची आई.

आता मोबदल्याचं बघू. २०२४ च्या या स्पर्धेत बायकांसाठी एकूण बक्षीस ९५ लाख डॉलर होतं. लिडियाला १४ लाख २५ हजार डॉलर मिळाले, त्या वेळच्या भावानं सुमारे १२ कोटी रुपये. रक्कम ऐकून डोळे विस्फारतात. पण त्याच वर्षी पुरुषांच्या 'ओपन' स्पर्धेचं एकूण बक्षीस होतं १ कोटी ७० लाख डॉलर. विजेत्याला मिळाले ३१ लाख डॉलर, म्हणजे साधारण २६ कोटी रुपये. दोघांनाही खड्डे १८, दिवस चार. बाईला मिळाले निम्म्याहूनही कमी.

याचं कारण असं सांगतात की पुरुषांचा खेळ जास्त लोक बघतात, म्हणून जाहिरातदार आणि टीव्हीवाले तिथे जास्त पैसा लावतात. हे काही खोटं नाही. पण बायकांचा खेळ कमी दाखवला, तर तो लोक बघणार तरी कसे? २०१८ साली बायकांच्या याच स्पर्धेचं बक्षीस होतं साडेबत्तीस लाख डॉलर. मग नवा प्रायोजक आला, आयोजकांनी मनावर घेतलं आणि सहा वर्षांत ते जवळपास तिप्पट झालं. टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांत तर २००७ पासून स्त्री-पुरुषांना समान बक्षीस आहे. म्हणजे कमी मोबदला हा काही निसर्गनियम नाही. तो माणसांनी ठरवलेला असतो आणि माणसंच तो बदलतात.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही खुरपणीची मजुरी एक आणि पुरुषाची मजुरी वेगळी. 'बाईचं काम हलकं' असं सांगून तो फरक पडतो, आणि दिवसभर वाकून खुरपल्यावर ते किती हलकं असतं ते आपली कंबर सांगते. म्हणून येत्या बैठकीत तीन गोष्टींवर बोलूया. आपल्या गावात सगळ्यांची म्हणून असलेली जागा कोणती, आणि तिची कागदोपत्री नोंद कुणी पाहिली आहे? गावातल्या कोणत्या समित्यांमध्ये नावाला बायका आहेत, पण निर्णयाच्या वेळी त्यांना बोलावत नाहीत? आणि एकाच कामाला स्त्री आणि पुरुषाला किती मजुरी मिळते, ते आकडे वहीत लिहून काढता येतील का? आकडे लिहिले की बोलायला जोर येतो. बैठकीत जे ठरेल ते आम्हाला नक्की कळवा. तुमची उत्तरं आम्ही पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांना वाचून दाखवू.