दुखऱ्या खांद्याला कोणतं धनुष्य?

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला. त्यामुळे रायपूरच्या धनुर्धरासमोर आज सावजाऐवजी असतं ते 50 मीटरवरचं रंगीत लक्ष्य.

खांदा दुखत असेल, तर प्रश्न उरतो भाराचा. बस्तरच्या बांबूच्या धनुष्याची दोरी जितकी ओढावी, तितका भार वाढतो. कंपाऊंड धनुष्याच्या टोकांवरची लंबगोल चाकं मात्र ताण शिगेला नेऊन झपकन उतरवतात. 50 पौंडांच्या धनुष्यात ताणाला 80 टक्के सूट असेल, तर नेम धरताना बोटांवर उरतात फक्त 10 पौंड! 2023मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे याच प्रकारात जगज्जेते झाले.

पण ताणाची ती शीग खांद्यालाच ओलांडावी लागते. म्हणून डॉक्टरांनी होकार दिल्यावर कमी पौंडांनी सुरुवात करावी. खुर्चीत बसून, हिसका न देता दोरी ओढता आली, की धनुष्याच्या पात्यांचे बोल्ट थोडे आवळून भार वाढवावा.