साडेआठ मिनिटांच्या अलीकडे

गोपाल सैनी यांनी १९८१ साली टोकियो येथे तीन हजार मीटरांची स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडीत धावण्याची शर्यत, ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत पूर्ण केली, आणि त्यानंतर सदतीस वर्षे भारतीय क्रीडाक्षेत्राच्या दफ्तरात ती नोंद दुरुस्त करण्याचा प्रसंग कोणावर आला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा, महार रेजिमेंटमधील जवान अविनाश साबळे याने तीच शर्यत ८:२९.८० मध्ये संपविली. आणि मग जे इतकी वर्षे अढळ होते ते पुन्हा पुन्हा, कधी तर एकाच स्पर्धेत दोनदा, ढळत गेले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ८:०९.९१ अशी वेळ दिली, तो त्याचा या शर्यतीतील दहावा राष्ट्रीय विक्रम होता.

हैदराबादेत तारनाक्याला राहणाऱ्या मराठी माणसाला या वृत्ताचे अगत्य अंमळ अधिक असते, कारण बीड जिल्हा १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात मोडत असे आणि मराठवाड्यातून उच्च शिक्षणासाठी निघालेल्यांच्या कित्येक पिढ्यांनी उस्मानिया विद्यापीठाचा रस्ता धरलेला आहे. त्याच विद्यापीठाच्या आवारात, आर्ट्स कॉलेजच्या भव्य दगडी इमारतीवरून जाणाऱ्या रस्त्यांवर, पहाटे धावणाऱ्या तरुण मंडळींशी बोलावे तर एक मत सर्वमान्य झालेले आढळते : विक्रम मोडतात ते नव्या बुटांमुळे. हे मत असत्य नाही, पण अपुरे आहे. आणि त्यावर विसंबून मुलामुलींच्या आईबापांनी ऐपतीबाहेरचे बूट घ्यावेत नि बाकीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष करावे, हे मला फार चिंतेचे वाटते.

बुटांचे श्रेय प्रथम निर्विवादपणे मान्य केले पाहिजे. धावणाऱ्याचे पाऊल भूमीवर आदळते तेव्हा त्या आघाताची काही ऊर्जा बुटाच्या तळव्यात साठते, त्यातील काही अंश पावलाला परत मिळतो, उरलेला उष्णतेच्या रूपाने वाया जातो. २०१७ मध्ये नायकी कंपनीने बाजारात आणलेल्या ‘व्हेपरफ्लाय’ बुटांत ‘पेबा’ नावाच्या अतिशय हलक्या बहुवारिकाचा जाड फेस आणि त्यात बसविलेली कार्बनतंतूंची वक्र पट्टी होती. कोलोरॅडो विद्यापीठातील वाऊटर होगकामर, रॉजर क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मापनात असे दिसले, की जुन्या पद्धतीच्या तळव्यातून सुमारे ६६ टक्के ऊर्जा परत मिळते, तर या नव्या तळव्यातून ८७ टक्के. आणि ठरावीक वेगाने धावताना शरीराला करावा लागणारा ऊर्जाव्यय सरासरीने ४ टक्के कमी होतो. मात्र व्ययात ४ टक्के बचत झाली म्हणून वेगात ४ टक्के वाढ होत नाही, कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो आणि बचतीचा एक हिस्सा हवाच वसूल करते.

तरीही जो हिस्सा हाती उरतो तो थोडा नाही. पॉला रॅडक्लिफ यांचा २००३ सालचा २:१५:२५ हा मॅरेथॉनचा विश्वविक्रम सोळा वर्षे टिकला होता. तो २०१९ मध्ये ब्रिजिड कोस्गेई यांनी शिकागोला मोडला, आणि चारच वर्षांत टिगिस्ट असेफा यांनी बर्लिनला २:११:५३ पर्यंत मजल मारली. पुरुषांत केल्व्हिन किप्टम यांनी ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोला २:००:३५ अशी वेळ दिली, म्हणजे ताशी जवळजवळ २१ किलोमीटरांचा वेग त्यांनी ४२.१९५ किलोमीटर अखंड राखला. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला अखेर जानेवारी २०२० मध्ये कायदा करावा लागला, की रस्त्यावरील बुटाचा तळ ४० मिलिमीटरांहून जाड नसावा आणि त्यात एकाहून अधिक ताठ पट्टी नसावी.

बुटांखेरीज दुसरी मदत प्रकाशाची. ट्रॅकच्या आतल्या कडेला बसविलेले दिवे ठरविलेल्या वेगाने एकामागून एक उजळत जातात, आणि धावणाऱ्याला प्रत्येक पावलाला आपण विक्रमाच्या पुढे आहोत की मागे, हे कळते. २०२० मध्ये जोशुआ चेप्टेगेई यांनी पाच हजार मीटरांचा विक्रम मोनॅकोला आणि दहा हजारांचा व्हॅलेन्सियाला असाच मोडला. दोन्ही केनेनिसा बेकेले यांच्या नावावर पंधरा-सोळा वर्षे होते. वेग वारंवार कमीअधिक केल्याने जी शक्ती खर्ची पडते ती या दिव्यांमुळे वाचते. व्हिएन्नाला २०१९ मध्ये इलियुड किपचोगे यांनी दोन तासांच्या आत मॅरेथॉनचे अंतर धावून दाखविले तेव्हा पाळीपाळीने वेग राखणारे ४१ सोबती त्यांना वाऱ्यापासून आडोसा देत होते. म्हणूनच १:५९:४० ही वेळ विक्रमांच्या दप्तरी दाखल झाली नाही, पण वारा आणि वेग या दोहोंची तजवीज लागली तर मनुष्यदेह काय करू शकतो याचा तो दाखला ठरला.

आता ज्यांना बुटांतच सर्व काही दिसते त्यांनी आपल्याच देशाचा इतिहास पाहावा. लष्करातील धावपटू शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला मॅरेथॉन २:१२:०० मध्ये पूर्ण केली, आणि अनवाणी धावण्यासाठी ख्यात असलेल्या या पुरुषाचा राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. फेसाचे बूट जगभर प्रसृत झाल्यावर, २०१९ मध्ये, टी. गोपी यांनी सोलला २:१३:३९ अशी उत्तम वेळ दिली, पण ती सीमा त्यांनाही ओलांडता आली नाही. १९७८ मध्ये शिवनाथ सिंग विश्वविक्रमापासून साडेतीन मिनिटांच्या अंतरावर होते. किप्टम यांच्या धावेनंतर तेच अंतर अकरा मिनिटांहून अधिक झाले. नवे बूट जगालाही उपलब्ध होते आणि आपल्यालाही. जग पुढे गेले आणि आपण जिथल्या तिथे राहिलो.

साबळेची कारकीर्द याच्या उलट बाजूने तेच सांगते. नव्या फेसाचे स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, ट्रॅकवर सर्रास आले ते २०२० पासून; पण त्याआधीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत, प्राथमिक फेरीत ८:२५.२३ आणि अंतिम फेरीत ८:२१.३७ अशा वेळा देऊन त्याने सैनींच्या विक्रमातून साडेनऊ सेकंद कमी केले होते. एकूण एकवीस सेकंदांच्या घटीपैकी हा जवळजवळ निम्मा वाटा नव्या स्पाइक्सच्या आधीचा आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली, तेव्हाही हे स्पाइक्स ट्रॅकवर आले नव्हते.

मग त्यांना मिळाले काय? साबळेच्या बाबतीत उत्तर तपशीलवार देता येते. बालपणी शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरांची वाट. बारावीनंतर लष्कर, सियाचीनची थंडी, राजस्थानची वाळू, सिक्कीमचे डोंगर. २०१५ पासून रेजिमेंटच्या क्रॉस-कंट्री शर्यती. प्रशिक्षक अमरीशकुमार, काही काळ बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह, आणि पुढे स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरांहून उंच असलेल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील सराव. विरळ हवेत शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. हैदराबादची उंची साडेपाचशे मीटरांच्या आतबाहेर असल्याने हा लाभ आमच्या पठारावर संभवत नाही. याहूनही निर्णायक गोष्ट म्हणजे बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांचा सहवास. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोट यांच्यापेक्षा अवघ्या पाच शतांश सेकंदांनी मागे राहून त्याने रौप्यपदक मिळविले, त्या दिवशीची ८:११.२० ही वेळ देशांतर्गत शर्यतीत एकट्याने पुढे धावून निघणे दुरापास्त होते.

तांबड्या पेशींचा उल्लेख आला, आणि तारनाक्याचे खरे बोलणे येथे आहे. कुन्नूरला १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी उघडलेली लहानशी प्रयोगशाळा १९५८ मध्ये येथे आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. आज मॅरेथॉन धावणारे तासाला ९० ग्रॅमपर्यंत शर्करा पचवितात, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून निरनिराळ्या वाटांनी शोषले जातात आणि दोहोंचे मिश्रण दिल्यास शोषणाची मर्यादा वाढते, हे पोषणशास्त्राने दाखविले. पण या संस्थेने सामान्य जनांसाठी सिद्ध केलेले लोह आणि आयोडीनयुक्त मीठ मला धावपटूंच्या शर्करेच्या महागड्या पुड्यांहून मोठे वाटते. प्राणवायू रक्तातून स्नायूंपर्यंत जातो तो हिमोग्लोबिनच्या आधारे, आणि हिमोग्लोबिन लोहावाचून तयार होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचे रक्त निःसत्त्व आहे तिच्या पायातील फेसाने परत केलेली ऊर्जा तिच्या काय उपयोगी पडणार?

विक्रमांच्या या मुलखात निषिद्ध औषधांची छाया आहे, हेही सांगितले पाहिजे; २०२४ मध्ये २:०९:५६ ची मॅरेथॉन धावलेल्या रुथ चेपन्गेटिच यांना नंतरच्या एका नमुन्यावरून २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी झाली.

नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरील स्पाइक्सच्या तळाला २० मिलिमीटरांची मर्यादा लागू झाली आहे, त्यामुळे कारखान्यांना तिकडे फारसा वाव उरलेला नाही. लामेचा गिर्मा यांनी २०२३ मध्ये पॅरिसला स्टीपलचेसमध्ये दिलेली ७:५२.११ ही वेळ साबळेच्या सर्वोत्तम वेळेहून सुमारे अठरा सेकंदांनी सरस आहे. ते सेकंद मांडव्याच्या किंवा मोहीच्या पुढच्या पिढीतून यायचे असतील, तर तालुक्याच्या शालेय स्पर्धांत घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या शिक्षकांशेजारी रक्त तपासणारी एक परिचारिकाही शासनाने उभी करावी, आणि जिचे हिमोग्लोबिन कमी निघेल त्या मुलीला बुटांच्या आधी लोहाच्या गोळ्या मिळाव्यात, एवढी मागणी मी या लेखातून करतो.