बुरशी घासण्याआधी पाणी ओढा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि नेमक्या त्याच दिवसांत बाथरूमच्या कोपऱ्यांत, टाइलांच्या सांध्यांत, छतावर काळे ठिपके उमटू लागतात. त्यावरचा घरोघरचा इलाज म्हणजे बाटली: ब्लीच, ॲसिड किंवा जाहिरातीतला एखादा फवारा. ठिपके काही दिवस जातात, पुन्हा येतात, पुन्हा बाटली आणली जाते. माझ्या मते यात सगळा भर चुकीच्या जागी पडतो. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवणं कुणालाच शक्य नाही. साबणाचा थर, शाम्पू, अंगाचा मळ हे त्यांचं खाद्यही कितीही घासलं तरी थोडंफार उरतंच. आपल्या हातात उरते ती एकच गोष्ट, तिथे पाणी किती वेळ राहतं ती. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत कोरडी झाली तर बुरशी सहसा धरत नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आपल्याकडे मात्र सकाळची ओल सुकायच्या आत संध्याकाळची आंघोळ होते.

पाणी आपोआप सुकेल, या भरवशाचा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा. पाच फूट बाय सात फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घेतलं तर त्यात साधारण आठ घनमीटर हवा मावते. तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त तीस ग्रॅम बाष्प धरते, म्हणजे सगळ्या बाथरूमची हवा मिळून २४० ग्रॅम. पावसाळ्यात ती आधीच ८० टक्के भरलेली असते. नवीन बाष्पाला जागा उरते जेमतेम पन्नास ग्रॅमची. आंघोळीनंतर फरशीला आणि भिंतींना अर्धा लिटर पाणी चिकटून राहिलं असं धरलं, तर दार लावून घेतलेल्या बाथरूममध्ये ते सुकणारच नाही, हे गणितानेच ठरतं. ते सगळं सुकवायला बाथरूमभर हवा किमान दहा वेळा बदलावी लागेल. एक्झॉस्ट फॅनने तासाला प्रत्यक्षात शंभर घनमीटर हवा बाहेर टाकली, तरी पाऊण-एक तास लागेल. बाहेर जाणारी हवा पूर्ण भरून जात नाही, म्हणून खरं तर त्याहूनही जास्त. आता हेच पाणी आधी वायपरने ओढून जाळीत सोडलं आणि मागे शंभर ग्रॅम उरलं, तर पंख्याचं काम पाचपटीने हलकं होतं. त्याला एक-दोन मिनिटं लागतात, वीज लागत नाही. फरशी ओढायची सवय बऱ्याच घरांत असते. भिंतीवरून वायपर फिरवायची नसते, आणि शॉवर घेणाऱ्यांच्या घरी तर बरंचसं पाणी भिंतीवरच असतं. टाइलांसाठी छोटा, रबरी पट्टीचा हातवायपर वेगळा ठेवावा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की पावसात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, मग खिडकी उघडून किंवा पंखा लावून मिळणार काय? आक्षेपात तथ्य आहे. झड लागलेल्या दिवशी हवा जवळजवळ काहीच शोषत नाही. पण आंघोळ नुकतीच झालेल्या बाथरूममधली हवा शंभर टक्क्यांना टेकलेली असते आणि बाहेरची ८०-८५ टक्क्यांची हवा तिच्यापेक्षा कोरडीच ठरते. दार-खिडकी बंद ठेवून तर तेवढाही फायदा मिळत नाही. पंखा चालतो पण उपयोग होत नाही, या तक्रारीचं कारण बहुधा वेगळंच असतं. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत हवा यायला वाट नसते. दाराखाली फट नसेल, खिडकीही बंद असेल तर पंखा नुसता गरगरतो. डक्टकडे उघडणारी काचपट्ट्यांची खिडकी वास येतो, पाली येतात म्हणून कायमची चिकटवून टाकलेली अनेक इमारतींत दिसते. तिथे जाळी बसवणं हा उपाय आहे. वाट बुजवणं हा नव्हे. कोकणातलं जुनं न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला असे, भिंत आणि कौलं यांच्यामधून वारा खेळे, पाणी थेट अळवाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात जाई. फ्लॅटमध्ये आपण न्हाणीघर शेजघराला चिकटवलं, पण वाऱ्याची सोय सोबत आणली नाही.

मग बाटलीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण मर्यादित. गुळगुळीत टाइलवर पातळ केलेलं ब्लीच बुरशी मारतं. सांध्यातलं सिमेंट, गिलावा आणि रंग हे सच्छिद्र असतात. तिथे ब्लीच वरचा काळा रंग घालवतं, आत रुजलेले धागे बरेचदा तसेच राहतात, आणि ओल असेल तर ते पुन्हा वर येतात. ॲसिडने याहून मोठं नुकसान होतं. सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे ॲसिड ते खातं. सांधे पांढरेशुभ्र दिसतात, पण जास्त खडबडीत आणि जास्त पाणी धरणारे होतात. पुढच्या पावसाळ्यात बुरशीला तिथे अधिक सोयीचं घर मिळतं. आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. संडास साफ करण्याच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचशी संयोग होताच क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. रोजच्या घासण्याला भांड्यांचा साबण आणि ब्रश पुरतो. बादलीच्या कडेला किंवा पडद्याच्या तळाशी येणारा गुलाबी बुळबुळीत थर बहुधा जिवाणूंचा असतो, तोही याने निघतो. झिजलेले सांधे मात्र खरवडून नव्याने भरून घ्यावेत.

सगळं करूनही एकाच जागी डाग परतत असेल तर तो आंघोळीच्या पाण्याचा नसेलही. याची परीक्षा उन्हाळ्यात होते. एप्रिल-मेमध्येही छताचा तोच कोपरा ओला लागत असेल तर वरच्या मजल्याची गळती किंवा भिंतीतला पाइप तपासायला हवा. वायपर आणि पंखा तिथे कामाचे नाहीत. पाइप झाकण्यासाठी बाथरूममध्ये जिप्समचं फॉल्स सीलिंग घालण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. जिप्सम बोर्डावरचा कागद भिजला की बुरशीला आयतं खाद्य मिळतं, आणि गळती महिनोन्‌महिने दिसतच नाही. गिलाव्याच्या छताला चुन्याचा हात देण्याची जुनी रीत शहाणपणाची होती. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशी त्यावर सहजी धरत नाही; हवेने तो गुण हळूहळू कमी होतो, म्हणून दरवर्षी नवा हात द्यावा लागे.

थोडे काळे ठिपके, त्याचं एवढं काय, असंही म्हटलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. अशा घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे त्रास आणि दमा यांचा धोका वाढतो, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे २०२० साली दोन वर्षांचा एक मुलगा दगावला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याच्या मृत्यूचं कारण असल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत निघाला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या संसदेने अशा दुरुस्त्या मुदतीत करण्याची सक्ती सामाजिक गृहसंस्थांवर आणणारा कायदा केला. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ठिपक्यांकडे दुर्लक्ष करू नये.

राहिला वेळेचा प्रश्न. सकाळच्या धांदलीत भिंती पुसायच्या कुणी? बहुतेक घरांत याचं उत्तर न विचारताच आईवर, सुनेवर नाहीतर कामाच्या मावशींवर येऊन पडतं, आणि एकट्या माणसावर पडलेलं काम चार दिवसांत बंद होतं. त्यापेक्षा जो आंघोळ करेल त्याने बाहेर पडण्याआधी भिंत आणि फरशी ओढायची, शेवटच्याने पंखा चालू आणि दार उघडं ठेवायचं, असा नियम घरात करावा. शाळकरी मुलांनाही तो सहज जमतो. डक्टची खिडकी मोकळी करणं, जाळी बसवणं, सांधे भरणं ही कामं मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत, मे महिन्यातच उरकून घ्या.