तारीख पुढे जाते, तेव्हा

बंगळूरुच्या होसूर रस्त्यावर, निम्हान्सच्या शेजारी, किदवई स्मारक कर्करोग संस्था उभी आहे. सकाळी लवकर तिच्या आवारात गेले, तर कर्नाटकाचा अर्धा नकाशा तिथे पिशव्या-पथाऱ्यांसह बसलेला दिसतो. १९७३ साली स्थापन झालेल्या आणि १९८० पासून प्रादेशिक कर्करोग केंद्राचा दर्जा असलेल्या या संस्थेकडे शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येतात. बेळगाव-खानापूर भागातील मराठी कुटुंबांनाही बंगळूरुची ही वाट परिचयाची आहे. संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसायचे, सकाळी राजधानीत उतरायचे आणि थेट एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे.

अशा रांगांमध्ये दोन प्रकारची माणसे असतात. एकाला रोग नुकताच कळलेला असतो. दुसऱ्याचे उपचार संपलेले असतात आणि तो केवळ फेरतपासणीसाठी आलेला असतो. पहिल्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्याची तारीख तीन महिन्यांनी पुढे गेली, तर त्याची बातमी होत नाही.

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात हा दुसरा माणूस संख्येने वाढत आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण होते. बंगळूरुच्या पुरुषांमधील आघाडीच्या कर्करोगांत त्याची गणना होते. १९८२ पासून या शहरात कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी चालू आहे आणि देशभरच्या नोंदण्यांचे काम पाहणारे राष्ट्रीय केंद्रही याच शहरात आहे. किती जणांना रोग झाला आणि किती दगावले, हे आपण तेथून जाणतो. उपचारानंतरची किती जणांची भेट लांबली, हे मोजणे मात्र या नोंदणीचे काम नाही.

या रोगाचा पाठपुरावा एका साध्या रक्तचाचणीवर उभा आहे. पीएसए नावाचे प्रथिन पुरःस्थ ग्रंथीत तयार होते. आज ही चाचणी रोग शोधण्यासाठी प्रसिद्ध असली, तरी १९८६ साली अमेरिकेत तिला पहिली मान्यता मिळाली, ती निदान झालेल्या रुग्णांवर नजर ठेवण्यासाठी. निदानासाठी मदत म्हणून ती १९९४ मध्ये स्वीकारली गेली. शस्त्रक्रियेने ग्रंथी पूर्ण काढली, तर पीएसए मोजता न येण्याइतके खाली जायला हवे. ते पुन्हा ०.२ नॅनोग्रॅमवर गेले आणि दुसऱ्या चाचणीतही तसेच दिसले, तर रोग परतल्याची शंका धरतात. किरणोपचारांनंतर हिशेब वेगळा असतो. तेथे गाठलेल्या नीचांकापेक्षा २ नॅनोग्रॅमची वाढ हा इशारा मानला जातो.

आता यातील खरी अडचण पाहू. शस्त्रक्रियेनंतर धोका अधिक वाटणाऱ्या प्रत्येकाला लगेच किरणोपचार द्यावेत, की पीएसए वाढले तरच द्यावेत, हा वाद बराच काळ चालू होता. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा आणि आयर्लंडमधील १,३९६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष छापले. थांबणाऱ्यांचे नुकसान झाल्याचे त्यात दिसले नाही, उलट अनेकांचा किरणोपचारांचा त्रास वाचला. पण हे थांबणे म्हणजे विसरणे नव्हते. त्या रुग्णांचे पीएसए ठरल्या वेळी मोजले जात होते आणि ते ०.१ वर जाताच किंवा सलग तीनदा वाढताच उपचार दिले जात होते. आपल्याकडचे डॉक्टरही आज याच आधारावर ‘थांबू या’ म्हणतात. पाठपुराव्याची तारीखच घसरली, तर त्या सल्ल्याचा अर्धा भाग गळून पडतो. उरते ती नुसती प्रतीक्षा.

तारखा का घसरतात, याचे उत्तर कोणाच्या निष्काळजीपणात शोधण्याचे कारण नाही. एकच तज्ज्ञ, एकच बाह्यरुग्ण विभाग, आणि समोर नवा व जुना असे दोन रुग्ण असतील, तर नव्याला आधी बोलावणे न्याय्यच आहे. जुना मागे सरकतो. महासाथीत हे ठळकपणे दिसले. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील ४१ केंद्रांच्या अभ्यासात मार्च ते मे २०१९ या काळात फेरतपासणीच्या ६,३४,७४५ भेटी होत्या. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत त्या ३,४०,९८४ वर आल्या.

मग लांबलेली प्रत्येक तारीख धोक्याची आहे काय? नाही, आणि हे रुग्णांना कोणी स्पष्टपणे सांगत नाही. हा रोग बहुधा संथ चालतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १९९९ मधील अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर पीएसए वाढू लागल्यापासून रोग अन्यत्र पसरलेला दिसेपर्यंत मध्यम काळ आठ वर्षांचा होता. ज्याचे पीएसए वर्षानुवर्षे स्थिर आहे आणि ज्याला नवा त्रास नाही, त्याची भेट महिना-दोन महिने पुढे गेली, तर बहुतेक वेळा झोप उडते, एवढेच. (तीही कमी किमतीची गोष्ट नव्हे.) तीन ठिकाणी मात्र उशीर परवडत नाही. पीएसए आधीच वाढू लागले असेल तर एक. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे हार्मोनचे इंजेक्शन चालू असेल तर दुसरे; ते चुकले की दाबून ठेवलेले टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येऊ शकते. आणि पाठीत नवे, न थांबणारे दुखणे, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवी अडणे हे तिसरे. यात तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठायचे असते.

एकदा हा भेद मान्य केला की मार्ग दिसतो. चाचणी आणि भेट या दोन गोष्टी एकमेकींना बांधून ठेवण्याचे कारण उरत नाही. रक्त बेळगावातही देता येते. अट एवढीच, की दर वेळी प्रयोगशाळा शक्यतो तीच असावी, कारण दोन पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल किंवा फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल, तर तेही कळवावे. आकडा त्याने बदलतो. ब्रिटनमध्ये स्थिर रुग्णांचे पीएसए दुरूनच पाहिले जाते आणि गरज पडेल त्यालाच बोलावले जाते. आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर झाले. दाराशी आलेल्या आकड्यासाठी रात्रभर प्रवास करणाऱ्या सत्तरीच्या माणसाला त्यांचा लाभ किती पोहोचला, हा प्रश्न वैध आहे.

पैशाची बाजूही पाहावी. आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता ते मिळू लागले. पण योजनेचा गाभा दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस तिच्या कक्षेत येतात. फेरतपासणी मात्र पाच-दहा वर्षे चालते. तिचा प्रवास, लॉजचा मुक्काम आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, हे सारे घरच्या खिशातून जाते.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे काढण्याची घोषणा झाली. त्यांपैकी २०० त्याच वर्षी. त्यांचा विचार प्रामुख्याने केमोथेरपीच्या संदर्भात होतो. तेथेच हार्मोनचे इंजेक्शन मिळाले, पीएसए काढले गेले आणि आकडा मूळ रुग्णालयाला कळवण्याची जबाबदारी एका परिचारिकेकडे दिली, तर नव्या इमारतीची गरज नाही. रुग्णाला घरी सोडताना हातात दिल्या जाणाऱ्या कागदावर आज पुढची तारीख लिहिलेली असते. त्याखाली आणखी दोन ओळींना जागा आहे: पीएसए कितीवर गेले तर तारखेआधी यायचे, आणि तेव्हा फोन कोणत्या क्रमांकावर करायचा.