घशाचें दुखणें आणि त्याचा संकेत



दवाखान्यांतून मिळणाऱ्या कागदावर किंवा विमा कंपनीकडे धाडावयाच्या पत्रकावर रोगाच्या नांवाशेजारीं कधीं कधीं एक लहानसा संकेत असतो. साधा घसा दुखत असला तर तो बहुधा ‘जे ०२.९’ असा असतो. त्याचा अर्थ विचारल्यास ‘कारण अनिर्दिष्ट’ असें उत्तर मिळतें, आणि डॉक्टरांना कांहींच कळलें नाहीं कीं काय, अशी शंका घरच्या मंडळींना येते. ती शंका दूर करण्यासाठीं ह्या एका संकेताचाच आज विचार करूं.

रोगांना सर्वत्र एकच नांव असावें ही गरज मृत्यूंच्या गणनेंतून उत्पन्न झाली. एकाच रोगाला तीन-चार नांवें आणि एकाच नांवाखालीं अनेक रोग, अशी तक्रार विल्यम फार ह्यांनी गेल्याच्या मागल्या शतकांत इंग्लंडांत केली होती. पुढें पॅरिसच्या झाक बर्तियों ह्यांची मृत्युकारणांची यादी १८९३ सालीं शिकागो येथें मान्य झाली. १९४८ सालच्या सहाव्या आवृत्तींत जागतिक आरोग्य संघटनेनें जिवंत माणसाच्या दुखण्यांनाही जागा दिली. घसा दुखून सहसा कोणी मरत नाहीं, तेव्हां त्याला खरा लाभ येथूनच झाला म्हणावयाचा! अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली असली, तरी आपल्या पाहण्यांतला वरील संकेत १९९० सालीं मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तींतला आहे, आणि तिचा वापर अद्याप चालू आहे.

आतां त्याची फोड करूं. ‘जे’ हें अक्षर श्वसनमार्गाच्या रोगांचें. ‘०२’ म्हणजे घशाचा तीव्र दाह. गिलायूंचा दाह असेल तर ‘०३’. बिंदूपुढील अंक कारण सांगतो. तेथें शून्य असेल तर स्ट्रेप्टोकॉकस नांवाचे जंतु. आठ असेल तर दुसरे कोणते तरी, पण ओळखलेले जंतु. आणि नऊ असेल तर जंतु ओळखलेले नाहींत. आठ आणि नऊ ह्यांतील भेद मला फार मार्मिक वाटतो. ‘दुसरें कांहीं’ आणि ‘ठाऊक नाहीं’ हीं दोन उत्तरें एक नव्हेत, हें वर्गांत मुलांना समजावितांना आम्हां मास्तरांचा घसा बसत असे.

कोणी म्हणेल, कारण ठाऊक नाहीं तर ह्याला रोग तरी कां म्हणावें? नुसत्या लक्षणांसाठीं ‘आर’ अक्षराचें निराळें प्रकरण आहे, आणि घशांतील निव्वळ वेदनेला त्यांत ‘आर ०७.०’ ही जागा आहे. परंतु घसा एकाएकीं धरला, आंत लाली व सूज दिसली, म्हणजे दाह झाल्याचें निश्चित असतें. अनिश्चित राहतो तो केवळ त्याचा कर्ता. म्हणजे नऊ हा अंक अज्ञान दाखवितो खरें, पण तें कोठवर आहे हेंही दाखवितो.

हा केवळ कारकुनी बारकावा नव्हे. बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळें होते व आपोआप बरी होते. तिच्यावर पेनिसिलिनसारख्या औषधांचा कांहींही उपयोग नाहीं, उलट त्यांना न जुमानणारे जंतु मात्र वाढतात. परंतु स्ट्रेप्टोकॉकसच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झालें, तर कांहीं मुलांना दोन-तीन आठवड्यांनीं सांधे धरणारा ज्वर येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडूं शकतात. आपल्या देशांतून हा हृद्रोग अजून गेलेला नाहीं. दोन्ही घसे डोळ्यांना बहुधा सारखेच दिसतात. निर्णय व्हावयाचा तो घशांतील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन केलेल्या तपासणीनें. झटपट चाचणीचें उत्तर कांहीं मिनिटांत मिळतें; जंतु वाढवून पाहावयाचे तर एक-दोन दिवस लागतात.

म्हणून तपासणीवांचून शून्य लिहिणें मला गैर वाटतें. कागद नेटका दिसतो, पण अशा हजारों कागदांची बेरीज होऊन जो आंकडा निघतो तो खोटा असतो. उलटपक्षीं, तपासणीची गरज असतांही ती टाळून नऊ लिहीत बसणें हाही आळसच. २०२० सालीं कोविडच्या साथींत संघटनेनें हा भेद उघडच राखला: विषाणु तपासणींत सांपडला तर ‘यू ०७.१’, संशय आहे पण तपासणीनें सिद्ध नाहीं तर ‘यू ०७.२’.

तेव्हां कागदावर नऊ दिसल्यास घाबरूं नये. तपासणी जरूर आहे काय, एवढें डॉक्टरांना अवश्य विचारावें. मात्र थुंकीही गिळवेनाशी झाली, श्वास अडूं लागला, किंवा मुलाच्या घशांत करडा पापुद्रा दिसला, तर संकेताची चर्चा बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें. तो पापुद्रा घटसर्पाचा असूं शकतो. एरव्हीं तपासणीचें उत्तर आलें कीं डॉक्टर पुढच्या भेटींत नवा संकेत लिहितात. जंतु सांपडले तर नवाच्या जागीं शून्य येतें. कांहींच सांपडलें नाहीं तर नऊ तसाच राहतो, आणि तोंवर घसाही बहुधा बरा झालेला असतो.